टेबलावरच्या बाई

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या बाळंत होत होत्या.

वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं भरभक्कम, आरोग्य खात्याची पांढरी साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. उपकेंद्राच्या लोखंडी टेबलावर आडव्या पडून त्या अशा किंचाळत होत्या, की बाहेर भाताच्या खाचरातली माणसं काम सोडून बांधावर येऊन उभी राहिली होती. मी आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्याही वरच्या अंगाला, आमच्या संघटनेची पत्रकं वाटत फिरत होतो. 'आरोग्य हा हक्क आहे, उपकार नव्हे' असा पत्रकाचा मथळा होता आणि तो मीच लिहिला होता. किंचाळी ऐकून मी धावत आत घुसलो. आत एक तरुण सिस्टर भिंतीला पाठ लावून उभी. एक हातमोजा घातलेला, दुसरा दातांत धरलेला. टेबलावरच्या बाईंनी किंचाळी मध्येच थांबवली, मान उचलली आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं,

"कोण रे तू? नवरा?"

"नाही, मी संघटनेचा..."

"मग बाहेर. नवरा असतास तर पाय धरायला ठेवला असता."

आणि पुन्हा किंचाळी.

थोड्या वेळानं त्या साडी झटकत बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि बुटाची नाडी बांधायला लागल्या. आत सिस्टर हुंदके देत होती. बांधावरच्या एका म्हातारीनं विचारलं, "काय झालं वं बाई, पोरगा का पोरगी?"

"काही नाही आजी, मेले मी," बाई म्हणाल्या. "रक्त थांबलं नाही. हिनं पोट चोळलं नाही, कपाटाची किल्ली शोधत बसली, गाडीला निरोप धाडला नाही. शेवटपर्यंत मला म्हणतीय, बाई घाबरू नका, घाबरू नका. घाबरलं कोण होतं?"

म्हातारी हसत हसत खाचरात परत गेली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "ही काय पद्धत झाली? त्या मुलीचा अपमान केलात तुम्ही." बाईंनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"पुढारी का तू? कागद चांगलाय. मागची बाजू कोरी ठेवत जा, कामाला येते."

तेव्हापासून मी त्यांच्या लेखी पुढारी. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

बाई जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या सिस्टरांना शिकवायच्या. खात्यात त्यांना प्रशिक्षक म्हणत, सिस्टर तोंडावर 'बाई' म्हणत, आणि पाठीमागे काय म्हणत ते छापण्यासारखं नाही.

हे प्रशिक्षण म्हणजे काय प्रकरण असतं ते स्पष्टच लिहितो, कारण कुणी लिहीत नाही. वरून छापील फॉर्म यायचा: आपणास कोणत्या विषयाच्या प्रशिक्षणाची गरज वाटते? खाली विषय, पुढे चौकोन. सिस्टर एकमेकींना विचारून खुणा करायच्या. ज्या विषयाचा वर्ग एसटी स्टँडजवळच्या हॉलमध्ये होण्याची शक्यता जास्त, त्याची गरज जास्त. मग मार्च जवळ आला की वरच्यांना जाग यायची आणि भराभर वर्ग लागायचे, तेही खुणा केलेल्या विषयांचे नाहीतच. मूल आडवं आलं तर काय करायचं हे जिला कुणी शिकवलं नाही, तिला 'कार्यालयीन ताणतणावाचे व्यवस्थापन'. सकाळी सही, पिशवी, पेन. दुपारी बटाटेवडा. दोनच्या एसटीनं घर. त्याच्या आधी, नव्वदच्या दशकात, तर एवढंही नव्हतं. तेव्हा सिस्टरला एकच धडा होता, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केस आणा. केस आणते ती चांगली सिस्टर. तिला बाळाचा श्वास मोजता येतो का, ताप कशाचा आहे ते कळतं का, कुणाला पडलं होतं? जिथं एसटी पावसाळ्यात मनाला येईल तेव्हा जाते तिथं आपण एकट्या बाईला पाठवतो, तिला काय येतं ते विचारत नाही, आणि बाळंतीण दगावली की पेपरात छापतो 'नर्सचा हलगर्जीपणा'. हलगर्जीपणा कुणाचा हो?

बाई तो फॉर्म भरायच्या नाहीत. त्यांची पद्धत टेबलाची. न कळवता उपकेंद्रावर जायचं, टेबलावर आडवं व्हायचं आणि म्हणायचं, "कर सुरू." कधी त्या अडलेली बाळंतीण, कधी झटके येणारी गरोदर पोर, कधी न्यूमोनिया झालेलं तान्हं बाळ. एवढं मोठं तान्हं बाळ बघून कुणी हसलंच तर ते बाळ उठून थोबाडीत द्यायचं. कधी टेबल सोडून त्या सासू व्हायच्या. पदर खोचून दारात उभ्या राहायच्या. "आमच्या येळंला न्हवतं बाई दवाखानं. आमी न्हाई झालो का बाळंत?" सिस्टरनं त्या सासूला पटवायचं आणि सुनेला गाडीत घालायचं. येडगावची एक सिस्टर या सासूपुढे तासभर लढली आणि शेवटी म्हणाली, "बाई, माझी घरची बरी वो."

"माहीत आहे" असं कुणी म्हटलं की त्या उसळायच्या. "विमान कसं उडतं ते मला पण माहीत आहे. येतं का, ते सांग."

एसटीत शेजारी पोट पुढे आलेली बाई दिसली की त्यांना राहवायचं नाही. "बघू का गं?" म्हणून तिची परवानगी घ्यायच्या, हात ठेवायच्या आणि मागच्या सीटवरच्या सिस्टरला ओढून पुढे आणायच्या. "सांग, डोकं कुठंय?" कंडक्टर तिकीट मागत उभा, नारायणगाव आलेलं, अर्धी एसटी माना वळवून बसलेली, आणि सिस्टर घामाघूम होऊन म्हणतीय, "खाली... नाही, वर." पोटाची मालकीणच एकदा म्हणाली, "वर न्हाई ताई, वर लाथा मारतंय."

घरी त्यांचे मिस्टर होते, निवृत्त शाळामास्तर, शांत माणूस. जुन्नरच्या हॉलमध्ये बाईंचा वर्ग असला की जेवायच्या वेळी ते डबा घेऊन दाराशी येऊन बसायचे. बाई बाहेर यायच्या नाहीत. मास्तर मला सांगायचे, "रुग्ण सहकार्य करत नाही," आणि डबा माझ्याकडे देऊन निघून जायचे.

मी तिथं काय करत होतो? संघटनेसाठी दोन्ही तालुक्यांतल्या उपकेंद्रांची पाहणी लिहीत होतो. बाईंनी अट घातली. "बघ्या म्हणून बसायचं नाही. नवरा हो." मग मी नवरा झालो. दारू प्यालेला नवरा, पोरीच झाल्या म्हणून तोंड फिरवणारा नवरा, दवाखान्यात न्यायला नको म्हणणारा नवरा. पत्रकात मी ज्यांच्याविरुद्ध लिहायचो ते सगळे नवरे मी त्या हॉलमध्ये करून दाखवले. बाई म्हणायच्या, "पुढारी, तुला हे बरं जमतं."

एकदा त्या अख्खी बॅच घेऊन बेल्ह्याच्या बैलबाजारात गेल्या. पांढऱ्या साड्यांची ती रांग बाजारात शिरली तेव्हा टेम्पोतून जनावरं उतरवणारी माणसं थांबली. एक व्यापारी ओरडला, "सिस्टर, बैलाला पोलिओ पाजता का काय आता?"

"तुलाच पाजते, आ कर," बाई म्हणाल्या. "आधी ती गाय कशी बघतोस ते माझ्या पोरींना दाखव."

व्यापाऱ्यालाही चेव आला. गायीचा मालक तोंडानं आपल्या गाभण गायीची महती सांगतच होता. व्यापाऱ्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुशीत मूठ दाबली, सोडली, परत दाबली, कासेवरून हात फिरवला, आणि मग म्हणाला, "सात म्हयनं म्हणतुया ना? पाच बी न्हाईत. पावणं, वासरू कोणाचं दाखिवता, शेजारच्या गायीचं का?" मालक खवळला. व्यापाऱ्याचं खरं का मालकाचं, ते मला आजही माहीत नाही. दोघेही पक्के होते. पण बाईंना गायीशी घेणं नव्हतं. "बघितलं? मालक काय सांगतो ते नंतर. आधी हात." पुढे दोन व्यापाऱ्यांचा सौदा चालला होता. तिथली रीत अशी की भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमाल टाकायचा आणि त्याच्या खाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचं. भोवती गर्दी उभी असते आणि कुणाला काही कळत नाही. बाईंनी त्या रुमालाखाली स्वतःचा हात घातला. व्यापाऱ्यानं बोटं दाबली, बाईंनी दाबली, गर्दीत हशा पिकला. बैल बाईंना विकला गेला नाही एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये रुमालाचा खेळ सुरू. बाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं बाळ शिवलं, डोक्याच्या जागी कांदा घातला, ते उशीच्या खोळीत कोंबलं आणि वर चादर टाकली. चादरीखाली हात घालून सांगायचं: डोकं कुठं, पाठ कुठल्या बाजूला. खरं बघायला गेलं तर खात्याकडे यासाठी परदेशी बाहुली होती, गोरीपान, निळ्या डोळ्यांची. पण ती सामानाच्या कपाटात कुलपात होती. वापरली तर खराब होईल म्हणून सिस्टरांना ती काचेतून दाखवायची पद्धत होती. बाळाला श्वास कसा द्यायचा हे काचेतून!

बैलबाजाराबद्दल बाईंना नोटीस आली. कामाच्या वेळेत शासकीय कर्मचाऱ्यांना जनावरांच्या बाजारात का नेले, याचा खुलासा करावा. बाईंनी खुलासा केला: 'सदर ठिकाणी पेशंटला हात लावून तपासतात, ते दाखवण्यासाठी.' यावर वरून काही उत्तर आलं नाही, पण नंतर पुण्याहून एक डॉक्टर शिकवायला पाठवले गेले. त्यांच्याकडे पडदा, मशीन, रंगीत चित्रं. अकराला भारनियमनात लाइट गेली. डॉक्टर खुर्चीत बसून राहिले. बाईंनी विचारलं, "लाइट चारला येते. तोवर बाळंतिणींना थांबायला सांगू का?" ते डॉक्टर सज्जन होते. त्यांनी कोट काढला आणि चादरीखाली हात घातला. त्यांना कांदा सापडला नाही. बाई म्हणाल्या, "बसा. उद्या परत."

बाई कायम बरोबरच असत असं मात्र कुणी समजू नये. पुरुष आरोग्यसेवकांना त्या मोजतच नसत. "ते बिनकामाचे" म्हणून त्यांना वर्गाबाहेर काढायच्या, आणि मलेरियाच्या वेळी तेच घरोघर फिरले. संघटनेत या म्हटलं तर म्हणायच्या, "तुमच्या मीटिंगला झोप चांगली लागते." चळवळीशिवाय खातं हलत नाही हे त्यांना कधी कळलं नाही, असं मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो.

आता त्या सिस्टरकडे येतो, दातांत हातमोजा धरलेल्या. तिचं नाव वैशाली. बेल्ह्याकडच्या शेतकरी घरातली. नर्सिंगचा कोर्स खाजगी शाळेत केलेला, जिथं फी होती आणि पेशंट नव्हते. अख्ख्या कोर्सात तिनं बाळंतपण पाहिलं ते पुढे उभ्या मुलींच्या खांद्यावरून. लग्न झालं, नवऱ्यानं छळलं, ती परत आली. माहेरी भावाची ओसरी आणि वहिनीचं तोंड. मग ही कंत्राटी नोकरी लागली, अकरा महिन्यांची ऑर्डर, डोंगरातलं उपकेंद्र. त्या उपकेंद्रामागे एक खोली होती. गळकी, पण कडी आतून लावता येणारी. वैशाली मला म्हणाली होती, "भाऊ, ह्या खोलीत मला कोणी काय बोलत न्हाई. लई झालं तेवढं."

त्या वर्षी वरून नवा आदेश आला. कंत्राटी सिस्टरची पुढची ऑर्डर प्रशिक्षकाच्या शेऱ्यावर निघणार. पास तर ऑर्डर, नापास तर घरी. बघा कसं आहे ते: शिकवायचं नाही, आणि येत नाही म्हणून काढायचं. मी लगेच पत्रक काढलं. बाईंनी ते वाचलं आणि त्याच्या मागे परीक्षेला कोण कितवी ते लिहिलं.

परीक्षा जुन्नरच्या हॉलमध्ये, शेजारी सरकारी दवाखाना. बाई सकाळपासून टेबलावर. त्या दिवशीची पेशंट: नुकतीच बाळंत झालेली, रक्त जातंय, भोवळ येतीय. मी नवरा, गोंधळ घालायचा, मधेमधे कडमडायचं, एवढीच मला सूचना. एकेक सिस्टर आत यायची, पोट चोळायची, इंजेक्शन, सलाइन, गाडी, सगळं करून दाखवायची, बाकीच्या भिंतीशी बसून बघायच्या. दुपार झाली. मास्तर डबा घेऊन येऊन बसले, वाट बघून गेले. बाई उठल्या नाहीत.

वैशालीची पाळी आली तेव्हा बाईंचं काम फारच रंगलं होतं. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड, काहीतरी असंबद्ध पुटपुटणं. भिंतीशी बसलेली एक सिस्टर म्हणाली, "काय ॲक्टिंग करती गं बाई! पिक्चरमध्ये पाहिजे होती." मीही माझं काम वाढवलं. "माझी बायको मेली, तुम्हाला सोडणार नाय!" असं टेबलावर मूठ आपटून ओरडत होतो.

वैशालीनं बाईंच्या कपाळावर हात ठेवला. मग मनगटावर. मग मानेवर. आणि ती थांबली.

"भाऊ, गप बसा जरा."

"माझी बायको..."

"गप बसा! बाईंना खरंच कायतरी होतंय."

भिंतीकडून हशा आला. "अगं, ती पण परीक्षाच असंल. पुढं कर."

"घाम कोण ॲक्टिंगनं आणतं? गार पडल्यात बाई. पर्स बघा त्यांची." पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट निघालं. ती ओरडली, "साखरंच्या गोळ्या खात्यात या! सकाळी गोळी घेतली, जेवल्या न्हाईत, साखर पार उतरलीया. साखर आणा, चहाची साखर! आनि डॉक्टरला बोलवा!"

मग एकच पळापळ. कुणी डॉक्टरकडे, कुणी चहाच्या किटलीकडे. वैशालीनं ग्लासात साखर ढवळली, बाईंची मान उचलली आणि पाणी तोंडात ओतलं. निम्मं ओघळलं. बाईंना जोराचा ठसका लागला, चेहरा काळानिळा झाला. वैशालीनं त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठ थोपटत राहिली. तेवढ्यात दवाखान्यातले डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज दिलं. बघता बघता बाईंनी डोळे उघडले.

डॉक्टर म्हणाले, "हिनं ओळखलं म्हणून वाचलात. बाकीचे टाळ्या वाजवत होते." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

बाईंनी पाणी कुणी पाजलं ते विचारलं.

"मी," वैशाली म्हणाली. आता सगळे हसत होते, तिच्या पाठीवर हात ठेवत होते. तिची ऑर्डर पक्की, यात कुणाला शंका नव्हती.

"मी शुद्धीत होते?"

"अर्धवट व्हता."

"गिळतेय का ते बघितलंस?"

वैशालीनं ग्लासाकडे बघितलं.

"शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलंस. ठसक्यानं गेले असते मी. नापास."

वैशालीनं हातातला ग्लास खाली ठेवला आणि बाहेर गेली.

त्या दिवशी मी बाईंशी जेवढा भांडलो तेवढा कुठल्या साहेबाशी भांडलो नाही. त्या दवाखान्याच्या कॉटवर, हातात सलाइन. मी म्हटलं, लाज नाही वाटत? जिनं जीव वाचवला तिची भाकरी काढता?

"मी वाचले म्हणून ती पास?" बाई म्हणाल्या. "मग ज्या गावात बाळंतपण आपलं आपण नीट होतं, तिथली प्रत्येक सिस्टर पासच की. पुढच्या वेळेला टेबलावर मी नसेन, पुढारी. डोंगरातली एखादी पोर असेल. शेजारी डॉक्टर नसेल."

"म्हणजे तिला घरी बसवायचं."

"शिकवायचं. घरी बसवा असं मी कुठं म्हटलं?"

"वरचे म्हणतात."

"मग वरच्यांशी भांड ना! माझ्या उशाशी काय ओरडतोस? पत्रक काढ. आणि 'पास करा' असं लिहिलंस तर माझ्यासमोर येऊ नकोस."

"मग काय लिहू?"

"जे खरं आहे ते. आम्हाला येत नाही, आम्हाला शिकवा."

मी तीन-चार वर्षं घोषणा लिहीत होतो. अशी घोषणा मी ऐकली नव्हती. सिस्टरांची बैठक बोलावली तर त्या माझ्यावर तुटून पडल्या. पिंपळवंडीची एक जुनी सिस्टर म्हणाली, "राव, डोकं ठिकाणावर हाय का? 'येत न्हाई' म्हणून रस्त्यानं बोंब मारायची आनि उद्या त्याच गावात सुई टोचायची? कोण हात पुढं करंल?"

ती खोटं बोलत नव्हती. कोपऱ्यातून वैशाली उठली. आदल्या रात्रीपासून ती भावाच्या ओसरीवर होती. वहिनीनं ट्रंक कुठं ठेवायची तेही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, येत न्हाई हे त्यांना आधीच म्हाईत हाय. म्हणून तर पेशंट धरून खाली तालुक्याला पळत्यात. आपुनच तेवढं बोलत न्हाई." मग जरा थांबून, "मी बोलते. माझं काय राहिलंय आता."

मोर्चा निघाला तेव्हा जिल्ह्याचे साहेब जुन्नरला आढावा बैठकीला आले होते. पांढऱ्या साड्यांची ती गर्दी बैठकीच्या दारात पोचली. पुढे वैशाली. ती ओरडली, "आमाला येत न्हाई!" मागून सगळ्या, "आमाला शिकवा!" पहिल्यांदा आवाज बारीक होता. दुसऱ्यांदा पिंपळवंडीची जुनी सिस्टर सगळ्यांच्या वर ओरडली.

साहेब बाहेर आले. चांगल्या मनाचा पण गोंधळलेला माणूस. "म्हणजे नापास झालेल्यांना पास करा, अशी मागणी आहे ना?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "नापासच ठेवा. काढू नका. परत शिकवा, परत परीक्षा घ्या."

"अशी मागणी आमच्याकडे येत नाही हो," साहेब अगतिकपणे म्हणाले, आणि शेजारी उभ्या बाईंकडे वळले. बाई सरकारी नोकर, त्यामुळे साहेबांच्या बाजूला उभ्या होत्या. पदरात शेंगदाणे होते ते खात होत्या. "तुम्हीच हिला नापास केलंत ना?"

"केलं."

"मग काढून नवीन घेऊ."

"घ्या की. तिला पण येत नसणार. तिला पण मी नापास करणार. मग तिसरी आणा. तोवर डोंगरावर कोण? साहेब, तुम्ही जाता? खोली आहे मागं. गळते जरा."

साहेबांनी नियम मागवला. नापास सिस्टरला परत शिकवू नये असा नियम कुठंच नव्हता. शिकवावं असाही नव्हता. बराच वेळ आत कुजबुज चालली. शेवटी फेरपरीक्षेपर्यंत कुणाची ऑर्डर थांबवायची नाही असं लेखी मिळालं. एका पेपरनं दुसऱ्या दिवशी मथळा दिला, 'नर्सेसची जाहीर कबुली'. आमच्या संघटनेतले काही जण अजून म्हणतात की त्या घोषणेनं चळवळीची शोभा झाली. झाली असेल. पण फेरपरीक्षेचं पत्र हातात पडलं ते त्याच घोषणेनं.

बाईंनी वैशालीला दवाखान्याच्या बाळंतपणाच्या खोलीत उभं केलं आणि तिच्या मागे लागल्या. आठवडेच्या आठवडे. मी एकदा गेलो तर वैशाली माझ्याशी बोललीही नाही. तिच्या एका हातात घड्याळ होतं, दुसरा हात पोटावर. "तिनं उपाशी राहू नये म्हणून मीपण जेवते हल्ली," बाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. मास्तर आता दोन डबे आणत. फेरपरीक्षेत बाईंनी शेरा लिहिला: पास, काठावर. वैशाली डोंगरावर गेली. वाटेत गावकरी टोमणे मारायचे, "काय सिस्टर, येत न्हाई म्हणं तुमाला?" ती म्हणायची, "येत न्हवतं. या आता."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, हिरड्याच्या हंगामात, बाई त्या बाजूला जाणार होत्या म्हणून मी मोटरसायकलवर त्यांचा ड्रायव्हर झालो. दुपारची वेळ. हिरडे गोळा करायला गेलेल्या एका बाईला झाडाखालीच कळा सुरू झाल्या होत्या आणि चार माणसांनी तिला घोंगडीच्या झोळीतून उपकेंद्रात आणलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती आत टेबलावर होती. बाई पायरीवर बसल्या.

"आत जात नाही?" मी विचारलं.

"मला बोलावलंय का तिनं?"

आतून वैशालीचा आवाज येत होता, शांत, एका सुरात. बाईंची बोटं साडीच्या काठाशी चाळा करत होती. मग आतला कण्हण्याचा आवाज थांबला, आणि पुढे जे ऐकू यायला पाहिजे ते येईना. मी उठून दारात गेलो. वैशालीच्या हातात बाळ होतं, निळसर, लुळं. ती कोरड्या फडक्यानं त्याची पाठ घासत होती. तिनं ते टेबलावर ठेवलं, मान नीट केली, श्वास द्यायच्या रबरी पिशवीचा मास्क त्याच्या नाका-तोंडावर बसवला, पिशवी दाबली आणि छाती वर येते का ते बघायला वाकली.

"भाऊ, दारातनं सरा. उजेड अडवलाय तुमी."

मी सरलो. तेव्हा कळलं, माझ्या पाठीशी बाई येऊन उभ्या होत्या. वैशालीनं मान वर केली नाही.

"बाई, तुमी बी."

बाई सरल्या, पायरी उतरल्या. बाळ रडलं तेव्हा आम्ही दोघं बाहेर अंगणात, उन्हात उभे होतो.